तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात डोंगर कुठाय?

"मॅडम, तुम्ही डोंगर चढायला जाता म्हणं. आपल्या सोलापुरात कुठला आलाय ओ डोंगर?"

ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या गच्चीवरून, हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता सविस्तरच सांगते.

आहे की डोंगर. तुळजापूरच्या रस्त्याला लागा. तामलवाडी मागं पडली की समोर कुणी लांबच लांब बांध घातल्यासारखा दिसतो, तो बालाघाट. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. आईच्या दर्शनाला आपण त्याच घाटानं चढतो. कोजागरीला तर सोलापूरहून रात्रभर चालत माणसांची रीघ लागते. पण घाटाच्या दोन्ही अंगांना जे डोंगर पसरलेत, त्यांच्यावर गुराख्यांशिवाय कुणी जात नाही. मी तिथं जाते. मी चढते त्या डोंगराला पायथ्याच्या वस्तीवर नाव विचारलं तर "नाव कसलं? डोंगर हाय" एवढंच उत्तर मिळालं.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे चढ फार नाही, तासाभरात माथा. पण हा चढ सरळ नाही, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातला कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, ठिसूळ थर झिजून उतार झाला. म्हणून दम लागेपर्यंत चढायचं की एक सपाटी येते, पुन्हा चढ, पुन्हा सपाटी. दुसऱ्या सपाटीवर भोकाभोकांचे काळे दगड आहेत. एकेका भोकात साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे स्फटिक. माझी लेक असला दगड उन्हात धरून फिरवत बसते आणि मग जागच्या जागी ठेवते. घरी न्यायचा नाही, हे आमचं ठरलेलं.

माथ्यावर टोक नाही, माळ आहे. मला हाच डोंगर आवडतो तो त्यासाठी. आषाढात गवत नुकतं घोट्याएवढं झालेलं, तरवडाला पिवळी फुलं, चंडोल गात गात सरळ वर जातो आणि दिसेनासा होतो. त्या उघड्या माळावर उभं राहिलं की दक्षिणेला आपला सगळा मुलूख एका नजरेत येतो. या रांगेच्या दक्षिण अंगाचं पाणी बोरी-सीनेतून भीमेला जातं, उत्तरेचं तेरणा-मांजरेतून गोदावरीला. एकाच पावसाच्या अशा दोन वाटा! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसती बघत राहिले होते.

"एकट्या जाता? भीती नाही वाटत?" हेही विचारता. एकटी जात नाही, लेक किंवा बहीण असते. फुरशाची भीती आहे, म्हणून दगडाखाली हात घालत नाही आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत घालते. उन्हाळ्यात जाऊच नका. एरवीही पहाटेची एसटी धरा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, वर झरा नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर टिकते.

आणि गुरांच्या पायवाटेनंच चाला. मागच्या आषाढात एका मेंढपाळ मामांनी आम्हाला थांबवलं. "बाई, तिकडनं नका जाऊ. टिटवीची अंडी हाईत." मी वाकून बघितलं, काही दिसेना. मामांनी काठी लांब धरून दाखवलं, तरी दिसेना. लेकीला आधी दिसली. खड्यांच्या मधोमध, खड्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. ना काडी, ना गवत, नुसती जमीन. माझं पुढचं पाऊल तिथंच पडणार होतं. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही मामांच्या मागोमाग लांबून वळसा घालून गेलो, ती गप्प होईपर्यंत.