एक माइक, एक तंबोरा, दहा बाय दहाची खोली : तीन महिन्यांची नोंद

आजोबांचा तंबोरा आणि माझा आवाज घरच्या घरी नीट रेकॉर्ड व्हावा, आणि सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसावा, एवढंच मनाशी धरून नोव्हेंबरात सुरुवात केली. त्याआधी फोनवर रेकॉर्ड करायचो. त्यात गाणं बऱ्यापैकी यायचं, पण तंबोरा बरणीत अडकलेल्या माशीसारखा वाजायचा. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मागे एकसारखा चालणारा आवाज त्याला गोंगाट वाटतो आणि तो दाबून टाकतो. तंबोरा म्हणजे तर एकसारखा चालणारा आवाजच.

खरेदी

जुना इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) २,८०० रुपये. जुना कंडेन्सर माइक (हळू आवाजही टिपणारा) ३,२००. कान पूर्ण झाकणारे हेडफोन १,९००. माइकची एक्सएलआर केबल ३५०. पॉप फिल्टरसाठी (तोंडातली फुंकर माइकवर आदळू न देणारी जाळी) आईची भरतकामाची रिंग आणि तिच्यावर ताणून बसवलेला नायलॉनचा पायमोजा, ६० रुपये. एकूण ८,३१०. स्टँड गल्लीतल्या मंडपवाल्याकडून उसना आणला, तो अजून परत मागितलेला नाही.

कंडेन्सरला केबलमधूनच ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात, तेव्हा इंटरफेसवर ते बटण आहे ना हे जुना माल घेताना आधी बघा. डायनॅमिक माइक स्वस्त आणि दणकट असतो, समोर तोंड धरून गाणाऱ्याला तो उत्तमच. पण तंबोरा फार हळू बोलतो. त्याच्यासाठी डायनॅमिक माइकचा गेन (आवाज वाढवायचं बटण) इतका चढवावा लागतो की साध्या इंटरफेसची सरसर वर येते. म्हणून कंडेन्सर घेतला आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. पहिले ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा. तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. वेगळ्या डब्यात पैसे साठवले आणि जानेवारीत घेतला. ज्यांना तेही जड जातं त्यांनी ऑडॅसिटीवर सुरू करावं. ते मोफत आहे आणि एक-दोन ट्रॅकला पुरून उरतं.

खोली

खोली चौरस, आणि तेच तिचं दुखणं. दोन्ही बाजू सारख्या असल्या की दोन्हीकडून एकाच स्वराला फुगवटा येतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला मिळाला होता, तो ऐकला नाही. पुठ्ठा पातळ असतो, खालच्या स्वरांना तो काहीच करत नाही. त्याऐवजी घरातल्या दोन जाड वाकळी दोरीवर टांगल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. ही वीतभर पोकळी महत्त्वाची आहे. भिंतीला चिकटवलेली वाकळ फक्त वरचे स्वर खाते, पुढे ओढली की ती थोडी खालीही पोचते.

माझा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा; त्याला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे आणि माझं तोंडही खिडकीकडे, पाठीमागे वाकळी. पंखा आणि फ्रिज बंद. आम्ही मिरज जंक्शनच्या जवळ राहतो, त्यामुळे गाड्यांचं काही करता येत नाही. पहाटे साडेचार ते साडेपाच हा माझा स्टुडिओचा वेळ. फ्रिज परत चालू करायचं विसरू नये म्हणून घराची किल्ली त्याच्यावर ठेवतो.

पंचम लागेना

हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझे जवळजवळ तीन आठवडे गेले.

मी पांढरी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हा माझा षड्ज. तंबोरा लावला, खोलीत सुरेख लागलेला. हेडफोन घातले की पंचमाची तार डोलायची, सेकंदाला दोनदा, लाटा आल्यासारखी. तारेतला मणी सरकवला, खुंटी पिळली. हेडफोनमधल्या लाटा जाईपर्यंत तार चढवली, तर खोलीत पंचम उघड उघड चढा. परत उतरवली, परत लाटा. तार जुनी असेल म्हणून नवी घातली. मग जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा, झंकार देणारा घासलेला माथा) गेली असेल म्हणून तंबोरा उचलला आणि थेट सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. (मिरजेत राहण्याचं हे सुख मला रोज जाणवतं. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण ज्यांच्या हातानं ते मिळालं ती माणसं आधीपासूनच शेजारी आहेत.) ज्या काकांनी आजोबांपासून या तंबोऱ्याची जवारी काढली आहे, त्यांनी तो मांडीवर घेतला, चारही तारा दोन मिनिटं छेडल्या, घोडीवरचा दोरा एकदा हलवून पाहिला आणि म्हणाले, "लागलाय की रे. याला हात लावू नकोस. तुझं यंत्र बघ."

घरी येऊन तंबोरा कोपऱ्यात ठेवला आणि नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड केली. रीपरच्या इक्वलायझरमध्ये आलेख पाहिला तर ५० हर्ट्झला सुळका, १०० ला सुळका, १५० ला सुळका. विजेचा गुणगुणाट. आणि माझा पंचम? पांढरी एकचा षड्ज सुमारे १३०.८ हर्ट्झ, त्याचा खालचा पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे ९८.१. शंभर आणि अठ्ठ्याण्णव एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतक्या, म्हणजे सेकंदाला दोन लाटा. मी इतके दिवस आजोबांचा तंबोरा विजेच्या तारेशी जुळवत होतो.

वीज येत होती लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमधून. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं आणि पंचम जागेवर बसला. त्या पहाटे मी गायलोच नाही, अर्धा तास नुसता तंबोरा रेकॉर्ड करून ऐकत बसलो.

पांढरी एकमध्ये गाणाऱ्यांनी हे जरूर तपासा. असा गुणगुणाट फिल्टरनं कापायला गेलात तर त्याच्याबरोबर पंचमही जातो.

माइक कुठे ठेवायचा

घोडीजवळ ठेवला तर जवारीची किरकिर आणि तारेवर बोट घासल्याचा आवाज. भोपळ्यासमोर ठेवला तर नुसता घुमारा. दोन्हींपासून दीड फूट लांब, घोडीच्या थोडं वर, तिरपा, ही जागा सर्वांत खरी वाटली. पण त्याच माइकसमोर गायचंही आहे.

इथे जुन्या तबकड्यांच्या गोष्टीची मदत झाली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एक कर्णा होता. कुणाचा आवाज किती यायचा हे कोण कर्ण्यापासून किती लांब बसतं यावरच ठरायचं. एकच माइक असलेल्यानं तीच रीत धरावी. एक फुटावरून दोन फुटांवर गेलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. म्हणून आता तंबोरा पुतण्या धरतो, माझ्या डाव्या हाताला, माइकपासून अडीच फुटांवर. मी सव्वा फुटावर, माइक हनुवटीच्या थोडा खाली. जागा खडूनं फरशीवर आखून ठेवल्या आहेत. वरच्या षड्जाला गेलो की मानेनं थोडा मागे होतो. कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) अजून एकदाही लावलेला नाही.

रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, लेव्हल अशी की सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये भरपूर जागा असते, लाल दिवा लागेपर्यंत चढवायची काही गरज नाही.

पेटी

डिसेंबरअखेर आधी रेकॉर्ड केलेलं हेडफोनमध्ये ऐकत त्यावर पेटी वाजवून बघितली. बफर (लॅपटॉप आवाज जेवढ्या तुकड्यानं हाताळतो तो) १२८ सॅम्पल, सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर सुमारे पावणेतीन मिलिसेकंद, वाजवताना उशीर जाणवला नाही. गोची गांधारावर झाली. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो तो पेटीच्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट) उतरा असतो. बैठकीत हे कानाआड होतं. हेडफोनमध्ये पेटीनं गांधार धरून ठेवला की दोघांची झटापट ऐकू येते. पेटी बारीक करून फरक पडला नाही, वाजवणं बदललं तेव्हा पडला: गांधारावर थांबायचं नाही, स्पर्श करून पुढे जायचं. यात माझी पेटीही सुधारली असं पुतण्याचं मत आहे.

आत्तापर्यंत

चार अभंग पूर्ण. त्यातला भूपातला एक मला आवडला, बाकीचे परत करणार. आता शेजारच्या भजनी मंडळाचे तिघं यायला तयार झालेत, एक मृदंग आणि दोन टाळ. टाळ एवढ्याशा खोलीत माइकला झाकून टाकतील, म्हणून टाळकऱ्यांना व्हरांड्यात बसवून दार उघडं ठेवायचं, असं पुढच्या रविवारी करून बघणार आहे. मृदंगाची शाईची (उजवी) बाजू माइककडे ठेवावी की धुमेची (डावी), हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.