टोल्गाची लाल माती आणि तिच्यातला भुईमूग

कऱ्हाड विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, जवळपास तितकंच टोल्गा दक्षिणेला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, ॲथर्टन पठारावर, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर हे गाव आहे. केर्न्सच्या किनाऱ्यावरून वर यायला दोन घाट. कुरांडा-मरीबा मार्गे आलं तर नव्वदेक किलोमीटर पडतात. दुसरा गिलीज घाट जवळचा, पण त्याची वळणं २६३ सांगतात, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी पहिलाच धरावा. टोल्गा जवळ आलं की रस्त्याच्या कडेची माती कुंकवासारखी लाल होते. गावाचं नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या लाल मातीच्या शब्दावरूनच पडलं, असं सांगतात.

ही माती बेसाल्टाची आहे, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचाच खडक. मग कऱ्हाडला काळी आणि इथे लाल का? फरक पावसाचा आणि निचऱ्याचा. भरपूर पाऊस आणि पाणी खाली झिरपायला वाव असला की सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातात आणि लोहाचा गंज मागे उरतो. महाबळेश्वरचा जांभा असाच झाला. कमी पावसाच्या सपाट भागात मात्र ही द्रव्यं मातीतच राहतात आणि फुगणारी, भेगाळणारी काळी चिकणमाती तयार होते. टोल्गाच्या रानाला कोरड्या दिवसांत भेगा पडत नाहीत. पावसानंतर काळ्या रानात आठवडाभर पाय घालता येत नाही. इथे बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ट्रॅक्टर आत जातो.

पण ही माती दिसते तितकी दानशूर नाही. धुऊन गेलेल्या कॅल्शियममुळे ती आम्ल आहे आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) तिच्यातलं लोह धरून ठेवतं, पिकाला सहजी सोडत नाही. म्हणून चुना टाकावाच लागतो, तोही माती परीक्षण पाहून टनांच्या हिशेबाने. स्फुरद रानभर फेकण्यापेक्षा बियाण्याजवळ पट्ट्यात दिला तर वाया कमी जातो. नुसता रंग पाहून जमीन घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

पाऊसमानाचा उतार वाई ते महाबळेश्वरसारखा. मरीबाला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर, टोल्गा-ॲथर्टनला १४०० च्या आसपास, आणि तिथून पुढे दक्षिणेला मिला मिलाला अडीच हजारांच्या वर. त्यामुळे तासाभराच्या रस्त्यात मरीबाचे आंबे आणि कॉफी, टोल्गाचा भुईमूग, मका, बटाटा आणि ॲव्होकॅडो, मलांडाकडची दुभती जनावरं, अशी सगळी पिकपद्धत पालटत जाते. पावसाळा डिसेंबर ते मार्च. जुलैच्या रात्री स्वेटरच्या, सखल रानात कधी दहिवर गोठतं.

भुईमूग पहिल्या चांगल्या पावसावर, डिसेंबर-जानेवारीत पेरतात. आपल्याकडच्या उपट्या जाती शंभर-सव्वाशे दिवसांत निघतात. इथल्या पसऱ्या, मोठ्या दाण्याच्या जातींना पाच महिन्यांच्या आसपास लागतात. दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर असतं, कारण पुढचं प्रत्येक काम यंत्राचं आहे. फुलं लागून आऱ्या, म्हणजे फुलातून जमिनीत शिरणारे देठ, सुटू लागल्या की जिप्समची, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या खताची वेळ. शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळातून वर जाऊन परत खाली येत नाही. शेंग ते भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषते. वरच्या बोटभर थरात ते नसेल तर झाड हिरवंगार राहतं आणि शेंगा पोचट निघतात. दाणा जितका मोठा, तितकी ही चूक महाग.

ओल्या, उबदार हवेत टिक्का (पानांवरचे डाग) आणि तांबेरा यांना रान मोकळंच. फवारणी रोग दिसल्यावर नव्हे, आधीपासून आणि ठरल्या अंतराने करावी लागते. पानं गळाली तर उत्पन्न घटतंच, शिवाय वेल कमकुवत होतात आणि काढणीच्या यंत्राला धरायला काही उरत नाही. खोडाशी पांढऱ्या बुरशीची जाळी दिसली तर त्या वर्षी करण्यासारखं फार थोडं असतं. तिचा उपाय फेरपालट हाच. मका किंवा गवत मध्ये आणल्याशिवाय त्याच रानात भुईमूग घेऊ नये.

काढणीचा दिवस ठरवायला कॅलेंडर चालत नाही. रानातून चार-पाच ठिकाणची झाडं उपटायची आणि शेंगांची वरची साल चाकूने हलकेच खरवडायची. खालचा रंग पांढरा-पिवळा असेल तर शेंग कोवळी. तो नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळा होत जातो. आपल्याकडे टरफल फोडून आतली बाजू काळसर झाली का ते पाहतात, त्याचाच हा भाऊबंद. आठवडाभर लवकर काढलं तर दाणे सुरकुततात. उशीर केला तर आऱ्या कुजतात आणि पिकलेल्या शेंगा, म्हणजे नेमक्या चांगल्या, जमिनीतच राहतात.

यंत्राची दोन पाती दहा-पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन सोटमूळ कापतात. मागची साखळी झाडं उचलून माती झाडते आणि त्यांना उलटं करून ओळीत टाकते: शेंगा वर, पाला खाली. साखळी ट्रॅक्टरपेक्षा फार वेगाने फिरली तर शेंगा झडतात, हळू फिरली तर पुढे ढीग साचतो. पाती बोथट झाली की मूळ कापलं न जाता ओढलं जातं आणि शेंगा मागे तुटतात. यंत्रामागे चालत मूठभर माती चाळून पाहिली की चूक कुठे आहे ते लगेच कळतं. माती फार ओली असेल तर लाल चिखल शेंगेला लिंपून बसतो आणि ओळ वाळत नाही.

उलट्या ओळी काही दिवस उन्हात राहतात. ओलावा वीस टक्क्यांखाली आला की मळणी, आणि मग जाळीच्या तळातून हवा सोडून शेंगा दहा टक्क्यांच्या आसपास वाळवतात. हवा ३५ अंशांच्या वर तापवायची नाही. घाईने तापवलं तर दाण्याचं लाल साल सुटतं, दाणे दुभंगतात आणि चवीला कडसर झाक येते.

सगळ्यात मोठी धास्ती अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषाची. दाणे भरताना शेवटच्या महिनाभरात पाऊस ओढला आणि जमीन तापली तर बुरशी मातीतच शेंगेत शिरते. ओळीवर पाऊस झोडपला तर तिथेही. ऑस्ट्रेलियात मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. वरून दाणा स्वच्छ दिसत असला तरी तपासणीत माल अडकू शकतो. म्हणून जमेल तिथे शेवटची एक-दोन पाणी राखून ठेवणं, हाच खरा विमा.

ॲव्होकॅडोचं गणित वेगळं. शेपर्ड जात फेब्रुवारीपासून निघते आणि पिकली तरी हिरवीच राहते. हास पिकताना काळी पडते आणि नंतर येते. तोडणी रंगावर नाही, गरातल्या कोरड्या अंशावर: हासला किमान २३ टक्के, शेपर्डला २१. ओलं फळ तोडलं की सालीवर डाग पडतात आणि देठाकडून कूज शिरते, म्हणून पावसात कात्र्या बंद. मुळांना फायटोप्थोराचा, म्हणजे मूळकुजीचा धोका कायम, त्यावर फॉस्फरस आम्लाची इंजेक्शनं बुंध्यात देतात.

ही सगळी रानं कधीकाळी दाट वर्षावन होती. ‘माबी’ म्हणतात त्या जंगलाचा एक तुकडा टोल्गाला लागून उरला आहे आणि त्यात चष्मेवाल्या वटवाघळांची वस्ती आहे. जंगल तुटल्यावर इथे मका पिकवला तो मुख्यतः चिनी कुळांनी. त्यांना जमीन मालकीची घेता येत नव्हती, ते खंडाने कसत. पहिल्या महायुद्धानंतर जमिनी परतलेल्या सैनिकांना दिल्या गेल्या आणि ही माणसं पांगली. ॲथर्टनमध्ये त्यांचं १९०३ चं लाकूड-पत्र्याचं हौ वांग मंदिर अजून उभं आहे. पाच किलोमीटरवर आहे, ते पाहिल्याशिवाय जाऊ नये.

कामासाठी येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी थोडं. भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा २०२४ पासून खुला झाला: वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, निवड सोडतीने. हे पठार उत्तर ऑस्ट्रेलियात मोडतं, त्यामुळे इथल्या शेतीतले तीन महिने दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी धरले जातात. पगारपत्रकं जपून ठेवा, पुरावा तोच. नगावर मजुरी ठरली तरी एप्रिल २०२२ पासून तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. ठेकेदारामार्फत काम घेत असाल तर त्याच्याकडे क्वीन्सलंडचा मजूर-पुरवठ्याचा परवाना आहे का ते आधी विचारा. गाडीशिवाय भागत नाही. हिंग, पोहे, गोडा मसाल्याचं सामान केर्न्सहून भरून आणावं.

आणि बूट. २०१५ मध्ये खाली टली खोऱ्यात केळीच्या पनामा मर रोगाच्या बुरशीची ‘ट्रॉपिकल रेस ४’ ही जात सापडली. ती मातीच्या कणाबरोबर प्रवास करते. म्हणून शेताच्या फाटकाशी ब्रश आणि जंतुनाशकाची परात असते. आधी ब्रशने तळव्यातली माती पूर्ण काढायची, मगच बूट परातीत बुडवायचे. माती चिकटलेली असली तर औषध आत पोचत नाही.