सहा मिलिमीटरचा गिअर गोल करताना

एका छोट्या पंपासाठी 6 मिलिमीटर व्यासाचा गिअर मोल्ड करून घ्यायचा होता. मटेरियल नायलॉन 66, त्यात 30 टक्के काचतंतू. व्यासाला टॉलरन्स, म्हणजे मापात चालेल एवढा फरक, ±0.02 मिलिमीटर.

पहिले नमुने आले. दातांत पिना ठेवून मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. पंपात बसवला तर आवाज करायला लागला. प्रोफाइल प्रोजेक्टरवर सावली मोठी करून पाहिली तेव्हा उलगडा झाला: गिअर गोल नव्हताच, किंचित तिकोनी होता. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोनच जागी टेकतो, त्यामुळे तीन उंचवटे त्याच्या हाती लागत नाहीत.

दोष मशीनचा नव्हता. मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक तीन गेटमधून, म्हणजे आत शिरायच्या तोंडांतून, येत होतं. काचतंतू प्रवाहाच्या दिशेने रांग धरतात. थंड होताना त्या दिशेला आकुंचन कमी, आडव्या दिशेला जास्त. फरक अर्ध्या टक्क्याचा धरला तरी 6 मिलिमीटरवर 0.03 होतात, म्हणजे 0.04 च्या एकूण टॉलरन्सपैकी बहुतेक तिथेच संपला. प्रेशर वाढवा, होल्डिंग टाइम (मोल्ड भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ) वाढवा, असे सल्ले खूप मिळाले. माप हललं, आकार तोच राहिला.

टिकाऊपणाच्या चाचणीत तर दात मोडले, आणि मोडले ते दोन प्रवाह भेटतात त्या वेल्ड लाईनवरच. तिथे तंतू रेषा ओलांडून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे जोड पेलायला उरतं ते बहुतांशी नुसतं नायलॉन. काच घातली म्हणजे ताकद आली, हे अर्धंच खरं.

शेवटी मधल्या भोकातून चकतीसारखा गेट घेतला. प्लास्टिक चहूबाजूंना सारखं पसरलं, वेल्ड लाईन गेली, गोलाई आली. चकती कापून भोक रीम करायचं, म्हणजे घासून नेमक्या मापाला आणायचं, काम वाढलं, त्यावर मोल्डरने कुरकुर केली, रास्तच होती.

मग ओलाव्याचा वाद. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मोल्डर ताजा, कोरडा गिअर मोजायचा; आमच्याकडे तोच काही आठवड्यांनी मोठा भरायचा. आता ड्रॉइंगवर लिहिलंय: 70 अंश सेल्सिअस आणि 62 टक्के आर्द्रतेत कंडिशनिंग झाल्यावरच, म्हणजे तिथे ठेवून ओलावा मुरल्यावरच, मोजायचं. नायलॉनचे कच्चे दाणे मात्र मोल्डिंगआधी खडखडीत वाळलेलेच हवेत, नाहीतर ते वितळवणाऱ्या मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये पाण्याने नायलॉनच्या साखळ्याच तुटतात.

काच पोलादही झिजवते. म्हणून गेटचा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवलेला वेगळा तुकडा) कडक पोलादाचा आणि बदलता येईल असा करून घेतलाय.