राजगिऱ्याचा दाणा ते काक्षी : मैदानावरच्या आराखड्याची प्रगती

काक्षी (मृग नक्षत्रातला तांबडा तारा, बीटलज्यूस) सूर्य-पृथ्वीच्या तुलनेत केवढी आहे, ते मैदानावर प्रमाणात आखून बघायचा माझा खटाटोप चालू आहे. मागच्या वेळी गाडी वाटाण्यावर अडली होती. पृथ्वी वाटाण्याएवढी धरली की काक्षीचा व्यास अर्ध्या किलोमीटरच्या घरात जातो आणि तेवढं सपाट मैदान आमच्याकडे नाही. म्हणून या खेपेस राजगिरा घेतला. दाणा साधारण 1 मिलिमीटरचा, त्यामुळे सगळे हिशेब तोंडी होतात. सूर्य 109 पट, म्हणजे 10.9 सेंटिमीटर. घरातले नारळ सोलून दोऱ्याने घेर मोजत गेलो. चौथ्याचा घेर बरोबर 34 सेंटिमीटर भरला. तोच सूर्य.

रविवारी सकाळी मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोकून तिच्याशेजारी नारळ ठेवला. दाणा काळ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला आणि पुतण्याला तो घेऊन 11.7 मीटरवर उभं केलं; या मापात पृथ्वी सूर्यापासून तेवढी लांब. तीन पावलं मागे सरलं की दाणा दिसेनासा होतो, नारळ मात्र लख्ख दिसतो. निव्वळ एवढंच बघायला पुन्हा मैदानावर जाईन.

मग त्याच खुंटीभोवती फक्कीने इतर ताऱ्यांची वर्तुळं आखायला घेतली. स्वाती 1.4 मीटर त्रिज्येची, रोहिणी जेमतेम अडीच, राजन्य चारच्या आसपास. ही अंगणात मावणारी मंडळी. काक्षीसाठी सूर्याच्या 764 पट त्रिज्या धरली. हा 2020 सालच्या एका अभ्यासातला आकडा आहे. ताऱ्याचं अंतर किती मानता त्यावर तो मागेपुढे होतो. आपल्या मापाने 41.7 मीटर. इथे सुतळीने घात केला. दव पडलेलं, सुतळी ओली, ताण कमीजास्त. फेरी पूर्ण झाली तेव्हा टोकं तब्बल हातभर चुकली होती. सगळं पुसून लांब फितीने दर दहा पावलांवर खुणा केल्या आणि त्या जोडल्या. सुतळी वापरणार असाल तर दहा मीटरच्या पुढे जाऊ नका.

रेष पुरी झाल्यावर पुतण्या दाणा घेऊन आपल्या जागी गेला. काक्षीची कड त्याच्याही पाठीमागे तीस मीटरवर होती. मंगळाची कक्षा 17.9 मीटरवर, तीही आत. सूर्याच्या जागी काक्षी ठेवली तर ती मंगळ ओलांडून लघुग्रहांच्या पट्ट्यात शिरते. गुरू 61 मीटरवर, तो तेवढा बाहेर राहतो.

पण ती पांढरी, ठाम रेष मला खटकत राहिली. एवढ्या पसाऱ्यात वस्तुमान किती, तर पंधरा-वीस सूर्यांएवढं. सरासरी घनता काढली तर आपल्या हवेपेक्षा हजारो पट विरळ भरते. त्यात तारा सुमारे 400 दिवसांच्या आवर्तनाने आकुंचन-प्रसरण पावतो आणि वरचे थर अवकाशात विरत जातात. 2019च्या अखेरीस तो अंधुक होऊ लागला आणि फेब्रुवारी 2020मध्ये 1.6 प्रतीपर्यंत उतरला (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका), त्यामागेही त्यानेच बाहेर फेकलेल्या वायूतून बनलेली धूळ होती. अशा ताऱ्याला कड दाखवायची तर कबड्डीच्या मैदानासारखी आखून चालणार नाही. शेवटी रेष केरसुणीने फिसकटली आणि मीटरभर रुंदीत फक्की हाताने उधळली. आता ते चित्र मला पटतं.

ही त्रिज्या मुळात मोजली कशी, हे पुतण्याने विचारलं. मायकेलसन आणि पीझ यांनी डिसेंबर 1920मध्ये माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीवर वीस फुटी व्यतिकरणमापी (दोन आरशांतून आलेला प्रकाश एकत्र करून बारीक कोन मोजणारं उपकरण) बसवून काक्षीचा कोनीय व्यास काढला : 0.047 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). मुंबईत उभं राहून पुण्यात कुणी धरलेलं दहा रुपयांचं नाणं बघावं, एवढासा. तो कोन आणि अंतर हाती आलं की आकार निघतो. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास असा थेट मोजण्याची ती पहिली वेळ.

त्याच रात्री गच्चीवरून प्रतीची नोंद केली. रोहिणी (0.9) आणि प्रश्वा (0.4) या ताऱ्यांशी ताडून काक्षी 0.6 वाटली. ती प्रश्वापेक्षा फिकी, पण रोहिणीपेक्षा स्पष्ट उजळ होती. तांबडा तारा टक लावून पाहिला तर उगाच उजळ वाटतो, म्हणून झरझर नजर फिरवून अंदाज घेतला.

पुढचं काम ज्येष्ठा या ताऱ्याचं. त्रिज्या 37 मीटर, याच मैदानात बसेल. व्हीवाय कॅनिस मेजोरिस या महाकाय ताऱ्याला मात्र 77 मीटर लागतात, म्हणजे गुरूही पोटात. त्यासाठी उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडायची वाट पाहतोय. फितीची लांबी तेवढी वाढवायला हवी.