फायरी क्रॉस १:५०००, भाग ४: रांगोळी, सलाइनची नळी आणि एक चूक

पाऊस लांबला. बडोद्याच्या दमट हवेत मॉडेलवर ओतायच्या रेझिनवर पांढुरकी साय धरते, त्यामुळे हा भाग दोन महिने रखडला.

नव्यांसाठी थोडक्यात: मी १:५००० मापाचं मॉडेल करतोय ते दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली द्वीपसमूहातल्या फायरी क्रॉस रीफचं, म्हणजे प्रवाळखडकाचं. १८६० मध्ये चहाची वाहतूक करणारं त्याच नावाचं ब्रिटिश जहाज तिथे फुटलं, म्हणून हे नाव. रीफ पंचवीसेक किलोमीटर लांब, म्हणजे माझ्या मापात पाच मीटर. तेवढी जागा घरात कोण देणार? म्हणून फक्त नैर्ऋत्येचं टोक घेतलंय, जिथे चीनने २७४ हेक्टर जमीन नव्याने तयार केली. पहिली फळी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा ती भिजून फुगली आणि पापुद्र्यापापुद्र्याने सुटली. आता ॲक्रिलिक शीट आहे आणि मुक्काम कपाटावर.

आजवर सगळी बेटं मी थर्माकोल कोरून केली. इथे गणित मांडलं आणि कटर खाली ठेवला. जमीन पाण्यावर पाच मीटर धरली तरी या मापात उंची होते १ मिमी. दोन-तीन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवा, झालं बेट. त्यात कोरायचं काय? मग म्हटलं, खरं बेट ज्या रीतीने झालं त्याच रीतीने करून बघू.

खरी रीत अशी. ड्रेजरचं, म्हणजे तळ उपसणाऱ्या जहाजाचं, दात असलेलं फिरतं डोकं तळाचं प्रवाळ कातरतं, पंप तो चुरा पाण्यासकट ओढतो आणि तरंगत्या पाइपातून उथळ रीफवर ओततो. पाणी वाहून जातं, चुरा साचतो. या भरावाच्या काळात स्प्रॅटलीत राबलेला ‘तियानजिंग हाओ’ हा ड्रेजर १२७ मीटर लांब, ताशी ४,५०० घनमीटर माल उपसण्याच्या ताकदीचा. माझ्याकडे तो अडीच सेंमीचा आहे आणि काहीच उपसत नाही.

प्रवाळाची वाळू म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मांडवीच्या बाजारातून पांढरी रांगोळी आणली, दुकानदार म्हणाला संगमरवराची भुकटी आहे. चिमूटभर बशीत घेऊन वर लिंबू पिळलं, फसफसली. म्हणजे रसायन तेच. माशांच्या टाकीतला छोटा पंप लावला, तो पाच मिनिटांत जाम. मग खिडकीच्या खिळ्याला सलाइनची बाटली टांगली, नळीचं टोक उथळ पाण्यात सोडलं आणि चाकाने धार कमी-जास्त करत बसलो. बाटली सतत हलवावी लागते, नाहीतर रांगोळी तळाशी बसते आणि नळीतून नुसतं पाणी येतं. शेजारचे काका दारातून डोकावले. “सुरसागर करतोयस का? मग महादेव कुठंय?” (सुरसागर म्हणजे आमच्या गावातला तलाव, मधोमध महादेवाची मूर्ती.)

पहिला ढीग पाण्याखाली धिरड्यासारखा पसरला. कड उभी राहीना. दुसऱ्या वेळी एम-सीलच्या (गळती बुजवायच्या लांबीच्या) बारीक वळकट्यांचा आधी बांध घातला आणि आत भरलं. खऱ्या बेटांभोवती दगड-काँक्रीटची भिंत का लागते, हे पन्नास उपग्रहचित्रं बघून जेवढं कळलं नव्हतं तेवढं एका दुपारी कळलं. जमीन उभी राहिली ती जेमतेम एका वाटीभर रांगोळीत.

आता चूक. जाड कण बसले, पण बारीक गाळ बसेना. दोन दिवस सगळा समुद्र ताकासारखा. तिसऱ्या दिवशी पाणी नितळलं, आणि मी महिनाभर खपून रंगवलेल्या प्रवाळावर, बांधाच्या बाहेर, पांढरा थर. ब्रश लावला की रंगही निघतो. जाम वैतागलो. मग २०१४-१५ ची उपग्रहचित्रं पुन्हा उघडली. तिथेही ड्रेजरच्या आसपास हाच दुधाळ डाग. जुलै २०१६ मध्ये हेगच्या लवादाने प्रवाळाच्या गंभीर हानीचा ठपका चीनवर ठेवला, त्यात हा गाळही आला. चीनने तो निकाल मानला नाही, ही गोष्ट वेगळी.

तर थर तसाच ठेवून वर रेझिन ओतलंय. पण मग मॉडेलची तारीख बदलावी लागली. आता हे आजचं बेट नाही, मार्च २०१५ चं आहे. त्या महिन्याच्या चित्रांत धावपट्टीचा जेमतेम अर्धा किलोमीटर पक्का दिसतो. म्हणजे ६० सेंमी कापून ठेवलेल्या काळ्या सँडपेपरपैकी १० सेंमीच लागला, बाकी नुसती पांढरी पट्टी. तिथे काम ऑगस्ट २०१४ च्या सुमारास सुरू झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये विमान उतरलंसुद्धा. माझा बांध घालण्यातच सात महिने गेले.

रडारच्या घुमटांसाठी पांढरी रंगवलेली मोहरी (१० मीटरचा घुमट म्हणजे २ मिमी, मोहरी अगदी चपखल) आता डबीत पडून आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते की लष्करीकरणाचा इरादा नाही. हँगर, क्षेपणास्त्रं त्यानंतरची. डबीवर ‘फोडणीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावलीय, कारण आईचा भरवसा नाही.

अमेरिकन विनाशिका ठेव, असं तिघांनी सुचवलंय. तारखेत बसत नाही. ‘विल्यम पी. लॉरेन्स’ फायरी क्रॉसजवळून गेली ती मे २०१६ मध्ये, १२ सागरी मैलांच्या आतून. आणि १२ मैल म्हणजे इथे जवळजवळ साडेचार मीटर! मांडायचीच झाली तर काकांच्या दिवाणखान्यात मांडावी लागेल. किनाऱ्याभोवतीच्या समुद्रावरची ही १२ मैलांची हद्द मिळते ती भराव घालण्यापूर्वी भरतीतही वर राहणाऱ्या मूळ खडकाला. वाळू कितीही ओता, हद्द वाढत नाही. स्प्रॅटलीतलंच मिसचीफ रीफ भरतीत पाण्याखाली जायचं, म्हणून लवादाने त्याला तेवढीही दिली नाही. कृत्रिम बेटाला समुद्री कायद्यात फक्त ५०० मीटरचा सुरक्षापट्टा, म्हणजे १० सेंमी. तो मात्र माझ्या फळीवर आरामात मावतो.

जहाजंच हवी असतील तर वेगळी छोटी फळी करतो: ३० सप्टेंबर २०१८, स्प्रॅटलीतल्याच गेव्हन रीफजवळ अमेरिकेची ‘डिकेटर’ आणि समोरून आडवी आलेली चिनी विनाशिका. दोन्ही तीन-तीन सेंमीच्या. अमेरिकी नौदलाने अंतर सांगितलं होतं ४५ यार्ड, म्हणजे ८ मिमी. मध्ये करंगळीही जात नाही, त्यामुळे फेस रंगवायला ट्रिपल झीरो ब्रश लागेल. रावपुऱ्यात मिळाला नाही. कुणाकडे जादा असेल तर सांगा.