राखण

रविवार, १४ डिसेंबर. रात्रीचे दहा.

आज सकाळी येऊरला, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या रानात गेले होते, चोरट्या शिकारीचे फास काढायला. वनखात्याची दोन माणसं आणि आम्ही नऊजण. ओढ्याच्या कडेकडेने, करवंदीच्या जाळ्यांतून, वाकून वाकून रान बघत जायचं, एवढंच काम. मी याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. त्याचा आनंदच झाला होता. आज चार फास मिळाले. पहिला मला दिसला.

म्हणजे आधी फास नाही दिसला, वई दिसली, ठेंगणं कुंपण. गुडघ्याच्याही खाली, काट्याकुट्या आणि करवीच्या वाळक्या काटक्या एकावर एक टाकून केलेली, दहा-बारा पावलांची. वाऱ्याने किंवा पाण्याने काटक्या अशा ओळीने साचत नाहीत. ओळ जिथे तुटली होती तिथे वीतभर रुंदीची फट होती. डुक्कर काय, ससा काय, साळिंदर काय, कुणीही ठेंगण्या वईवरून उडी मारत नाही, कडेने चालत फट शोधतं. फटीत मोटारसायकलच्या क्लचची तार, जमिनीपासून वीत-दीड वीत उंच, आणि दुसरं टोक ऐनाच्या खोडाला तीन वेढे देऊन बांधलेलं. तार गंजलेली नव्हती.

वनरक्षक दादा मागून आले. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?" असं त्यांनी विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं. माझे वडील शिकार करायचे. लहानपणी त्यांच्या मागून रानात हिंडले आहे.

बरोबरची मुलं गप्प झाली. पंचवीस-तिशीतली, मनापासून काम करणारी मुलं आहेत. त्यांच्यातली एक मुलगी नंतर बराच वेळ माझ्याशी बोललीच नाही. मला तिचा राग आला नाही. पण तेव्हापासून डोक्यात जे सुरू झालं आहे ते लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या पायथ्याच्या बाजूला. अण्णांकडे, माझ्या वडिलांकडे, एकनळी बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागल्यावर अण्णा सायकलवरून जाऊन घेऊन यायचे. परवान्यात लिहिलं होतं पीक राखण्यासाठी. पण त्या बंदुकीने फक्त पीक राखलं असं मी म्हणणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आमच्या खोऱ्यात तो कागदाबाहेर यायला आणखी आठ-दहा वर्षं गेली, आणि मला आठवतात त्या सगळ्या शिकारी नेमक्या त्याच वर्षांतल्या आहेत.

हाका असायचा. ठाकरवाडीतली वीस-पंचवीस माणसं रानाच्या एका अंगाने डबे बडवत, आरोळ्या देत वर चढायची आणि अण्णा दुसऱ्या अंगाला, जनावर जिथून निसटणार त्या खिंडीत बसायचे. ती खिंड कुठली हे अण्णांना कळायचं नाही, वाडीतल्या आबांना कळायचं. आबा सकाळी जाऊन माग बघून यायचे. माती उकरलेली ताजी आहे की कालची, मातीवर दव पडून गेलंय की नाही, खुराच्या ठशाची कड ढासळली आहे की धारदार आहे. भेकर नुसतं भुंकतंय की काही बघून भुंकतंय. मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. मुलगी म्हणून मला हाक्याला नेत नसत, पण माग बघायला मी आबांबरोबर जायचे आणि कुणी अडवायचं नाही.

मग वाटे. डुक्कर पडलं की ओट्यावर पळसाची पानं मांडून वाटे घालायचे. बंदुकीला दोन, प्रत्येक हाकेकऱ्याला एक, ज्याच्या कुत्र्याने जनावर धरलं त्या कुत्र्याला एक. हाक्याला येऊ न शकलेल्या घरचा वाटाही आठवणीने निघायचा. आणि कुणाच्याही घरी जायच्या आधी काळजाचा एक तुकडा शिवेवरच्या वाघोबाला. मी ते मटण खाल्लं आहे आणि ते मला आवडायचं. हे आज त्या मुलीला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

अण्णांचे नियम होते. पाण्यावर आलेल्या जनावरावर बंदूक रोखायची नाही. पावसाळ्यात रानात बंदूक न्यायची नाही. रक्ताचा माग सोडून घरी यायचं नाही, मग रात्र झाली तरी चालेल. लोक त्यांना नेमाचा शिकारी म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. थोडा अजूनही आहे. पण सांबर मी आमच्या रानात एकदाच पाहिलं, आणि ते मेलेलं होतं. माझ्या धाकट्या भावाने तेवढंही पाहिलं नाही. अण्णांसारखेच नेम पाळणारे पुढच्या गावात होते, त्याच्या पुढच्या गावातही होते. सगळ्यांनी आपापले नेम पाळले आणि खोरं रिकामं झालं. त्यात कोळशाच्या भट्ट्या होत्या, लाकूडतोड होती, जीपमधून रात्री बॅटरी मारत येणारे शहरी हौशी होते, हे सगळं खरं. तरी आमच्या ओट्यावरचे वाटेसुद्धा त्या हिशेबात धरावे लागतात.

पुढे अण्णांनी बंदूक सोडली. मी नोकरीला लागल्यावर एकदा विचारलं होतं, का सोडली? मला वाटलं होतं काहीतरी सांगतील, एखाद्या जनावराच्या डोळ्यांबद्दल वगैरे. ते म्हणाले, "बंदी आली म्हणून थांबलो. मन बदललं म्हणून नाही." त्यांच्या तोंडून खोटं कधी ऐकलं नाही, हेही खोटं नव्हतं. पण रानात जाणं त्यांनी थांबवलं नाही. आबा असेपर्यंत दोघं, आणि नंतर एकटे, हातात नुसती काठी. माग काढायचे, जनावराच्या जवळ जायचे, बघायचे आणि परत यायचे. जेवताना सांगायचे, आज तरस होतं, आज दोन भेकरं होती, एक लंगडतंय. कुठलं भेकर लंगडतंय हे त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

आता ती आजची तार.

बंदुकीपेक्षा तार मला जास्त का खुपते हे सकाळपासून शोधते आहे. मारणं दोन्हीकडे आहे. पण बंदुकीमागे एक माणूस रात्रभर जागा बसलेला असतो. समोर मादी आहे की नर, पोटुशी आहे का, डुक्कर आहे की माणूस, हे बघायची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याची चूक झाली तर ती त्याची असते. तार बांधणारा बांधून घरी जातो. फटीतून कोण येईल ते तारेला कळत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या कमरेत अडकतो, आणि सुटायला जितका ओढतो तितकी तार आवळते. दादा म्हणाले, सोडवला तरी पुष्कळदा वाचत नाही. वरून कातडी धड दिसते, आतलं सगळं फाटलेलं असतं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद. पण बांधणारा दोन दिवसांनी येतो, कधी येतच नाही, आणि तार तिथेच राहते. कुणाचीच नसलेली.

"हे पाड्यांवरच्या लोकांचंच काम," असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. दादांनी लगेच अडवलं. पुरावा नसताना बोलू नका म्हणाले. मला ते फार आवडलं. पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा इथली माणसं राष्ट्रीय उद्यानाच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात आहेत. वारली बायका मोळ्या घेऊन उतरतात त्या वाटा बिबट्याच्याही आहेत. आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरांत वसुबारस असते, रानातल्या वाड्यांत वाघबारस. लाकडावर कोरलेला वाघोबा, वर चंद्र-सूर्य, त्याला शेंदूर, आणि मागणं एवढंच की गुरावासरांना, पोरांना सांभाळ. ज्याची भीती वाटते त्यालाच राखण सांगायची. हे शहाणपण कुठल्या कार्यशाळेत शिकवता येईल असं मला वाटत नाही.

आणि येऊरवर रात्री दिवे लावून खेळणारे, लॉनवर बारापर्यंत ध्वनिक्षेपक वाजवणारे पाड्यांवरचे नाहीत. ते आमच्या खालच्या सोसायट्यांतले आहेत. उपवन तलावापासून वर जाणारी रात्रीची गाड्यांची रांग मी आमच्या गच्चीवरून बघते. रान वापरायचं आणि रानाकडे बघायचंही नाही, हे त्या तारेसारखंच झालं. जरा कडक लिहिते आहे, पण खोडणार नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सगळं मिळून १०४ चौरस किलोमीटर. भोवती मुंबई आणि ठाणं. २०१५ च्या पाहणीत, कॅमेरे लावून, तिथले आणि आसपासचे ३५ बिबटे मोजले गेले होते. २००४ च्या जून महिन्यातले दिवस मला लख्ख आठवतात. हल्ल्यांच्या बातम्या रोज यायच्या, संध्याकाळी मुलाला खाली खेळायला सोडायचे नाही. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की पकडून लांब नेऊन सोडा, म्हणजे सुटलो. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागात केलेल्या कामातून नंतर उलटंच दिसलं. जागा बदललेला बिबट्या बिथरतो, आणि जिथे सोडला तिथे हल्ले वाढतात. ज्याला ते रान पाठ आहे त्याला तिथेच राहू दिलं, तर तो रात्री भटकी कुत्री उचलतो आणि उजाडायच्या आत दिसेनासा होतो.

त्यांच्याच कामातल्या एका बिबट्याची गोष्ट मी अण्णांना वाचून दाखवली होती. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला वयस्कर नर. नाव ठेवलं आजोबा. गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घालून त्याला माळशेजला सोडलं, आणि तो महिन्याभराच्या आत शंभरावर किलोमीटर चालून, रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून नागला बंदरच्या रानात आला. म्हणजे आमच्या घोडबंदर रस्त्यालगत. २०११ मध्ये रस्त्यावर गाडीखाली गेला.

अण्णा तेव्हा अंथरुणावर होते. पूर्ण ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "माळशेजवरून कुठून उतरला?" मला माहीत नव्हतं. मग डोळे मिटून, बोट हवेत फिरवत तेच सांगायला लागले. या सोंडेने आला असेल, नदी अमक्या कोंडीजवळ ओलांडली असेल, दिवसा त्या राईत पडून राहिला असेल. अर्धा तास ते त्याच्यामागून चालत होते. मी गावाहून ठाण्याला एसटीने आले, तो पायी आला, आणि आमची दोघांची वाट एकच होती हे मला त्या दिवशी कळलं. गाव वेगळं, शहर वेगळं, तिथलं रान वेगळं आणि इथलं वेगळं असं मी तोवर समजत होते.

दुपारी घरी आल्यावर भावाला फोन केला. फास मिळाल्याचं सांगावं म्हणून केला होता. त्याचा आवाज ओढलेला होता. भातानंतर वाल पेरलाय, आणि चार रात्री डुकरं येताहेत. एका कोपऱ्यातलं अर्धं गुंठं नांगरल्यासारखं उलटं केलंय. तो म्हणाला, शेजारच्याने कुंपणाला करंट सोडलाय, मीही सोडतो.

मी सकाळी चार तारा काढून आले होते आणि पाचवी माझ्या घरची निघाली.

ओरडले नाही. त्याचं खरं होतं. पिकाची नासाडी झाली की पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज असतो, आणि कायद्याच्या ११ व्या कलमात वनाधिकाऱ्याची परवानगी काढायची वाटही आहे. हे सगळं मी त्याला सांगितलं. "ताई, पंचनामा होईस्तोवर वाल राहतोय का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हटलं, करंटला बिबट्या चिकटेल, शेजारच्याची गाय चिकटेल, रात्री पाणी धरायला गेलेला एखादा पोरगा चिकटेल, तेव्हा बटण कुणी दाबलं हे विचारायला कोण येईल? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग जागायचं कुणी? मी एकटाच आहे."

अण्णा जागायचे. बंदुकीची गोष्ट सगळे सांगतात, पण वर्षातल्या बहुतेक रात्री ती खुंटीलाच असायची आणि अण्णा शेतातल्या राखणीच्या माळ्यावर. शेकोटी, फुटका पत्र्याचा डबा, पाच सेलची बॅटरी, आणि दर तासाला एक लांब हाळी. दुसऱ्या माळ्यावरून उलटी हाळी यायची, तिसऱ्यावरून तिला. अंथरुणात पडल्या पडल्या मी ती खोऱ्यातून फिरताना ऐकत असे. आता माळ्यावर कुणी बसत नाही. पोरं मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जातात, त्यांनी कधी जागायचं?

मी म्हटलं, शुक्रवारी रात्री येते. चार रात्री राहीन. त्याने माझ्या वयाच्या गोष्टी काढल्या, थंडी फार आहे म्हणाला, सून काय म्हणेल म्हणाला. मी ऐकून घेतलं. येतेच आहे म्हटलं. शेजारच्याशीही बोलायचं आहे, पण ते समोर बसून, चहा घेऊन, फोनवर नाही.

शेवटी विचारलं, अण्णांच्या माळ्याचे खांब अजून उभे आहेत का?

"तीन आहेत," म्हणाला. "चौथा बघतो उद्या."