मैदानाला सरांचं नाव

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असा समितीचा निरोप आला. शाळेबद्दल म्हणजे माझ्यापुरतं विज्ञानाच्या सरांबद्दल. कोणते सर, हे आमच्या काळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

दहावी ब. अणुविखंडनाचा धडा. जगातल्या पहिल्या अणुभट्टीच्या, म्हणजे शिकागोच्या प्रयोगाला पुस्तकात जेमतेम दोन ओळी, सरांनी त्यावर अख्खा तास घेतला. २ डिसेंबर १९४२. स्टॅग फील्ड या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या पश्चिम गॅलरीखाली स्क्वॉशसारख्या खेळाचं बंदिस्त कोर्ट, त्यात ग्राफाइटच्या विटांचे ५७ थर, आणि प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी अभिक्रिया रोखून धरणारा कॅडमियमचा दांडा थोडा थोडा बाहेर ओढायला सांगताहेत. आता साखळी अभिक्रिया सुरू होणार, तोच मधल्या सुट्टीची घंटा झाली. कुणी जागचं हलेना. सर हात झटकत म्हणाले, "फर्मींनीही इथंच सुट्टी दिली होती. जा, डबे खा."

आम्हाला ती थट्टा वाटली. पण खरंच, त्या सकाळी सुरक्षेचा दांडा आपोआप सुटून आत गेला आणि फर्मींनी सगळ्यांना जेवायला पाठवलं. अभिक्रिया साधली ती दुपारी साडेतीनच्या सुमारास. आमची साधली सुट्टीनंतर, गणिताच्या बाईंकडून मागून घेतलेल्या तासात!

आज मी शिकागोतच नोकरी करतो, धाकटी लेक त्याच विद्यापीठात शिकते. मैदान मात्र उरलं नाही. १९३९ मध्ये विद्यापीठानं फुटबॉलच बंद केला. (त्याच मोसमात मिशिगन विद्यापीठाच्या संघानं शिकागोला त्यांच्याच मैदानावर ८५-० असं लोळवलं होतं. हा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, तरी ८५ म्हणजे फारच.) १९५७ मध्ये गॅलऱ्या पाडल्या. लेक अभ्यासाला बसते ते रेगेनस्टाइन ग्रंथालय त्याच जागेवर आहे, शेजारी त्या प्रयोगाची आठवण म्हणून शिल्पकार हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प.

ही जागा मूळची मार्शल फील्ड या धनिक व्यापाऱ्यानं दिलेली, म्हणून मैदान आधी त्यांच्या नावाचं होतं. पुढे ते नाव बदलून अमोस अलॉन्झो स्टॅग यांचं दिलं. स्टॅग म्हणजे तिथले खेळाचे सर. ४१ मोसम त्यांनी संघ घडवला आणि मैदानाला नाव लागलं तेव्हा ते तिथंच शिकवत होते.

आपली जुनी प्रयोगशाळा पाडून नवी बांधली. गेल्या दिवाळीत पाहून आलो, चकाचक आहे. दारावरच्या संगमरवरी पाटीत देणगीदारांची नावं आहेत, माझंही आहे. सरांचं नाही. समितीनं माझं नाव खुशाल काढावं, तेवढ्या जागेत त्यांचं सहज बसेल. नव्या पाटीचा खर्च मी पाठवतो.